तार तुटण्याआधी पोहोचलेला माणूस

ज्योत्स्ना पावराला कोणी सांगितलं की आज मंगळवार आहे, तर ती आधी मोबाइल बघायची आणि मगच 'हो' म्हणायची. सांगणाऱ्याचा अपमान करावा असं तिच्या मनात नसायचं, स्वभावच तसा. जळगावात मेहरूणला ती ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायची त्या वच्छलाबाई म्हणायच्या, "या पोरीला देवाने हातात प्रसाद ठेवला तरी ही आधी उलटा करून बघेल." वच्छलाबाई तिखटमीठ लावून बोलायच्या, पण या बाबतीत त्यांना फारसं लावावं लागायचं नाही.

उलटं करून बघायची सवय तिला आठव्या वर्षी लागली. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. आई दगडीबाई जंगलातून डिंक गोळा करून आणायची आणि आठवड्याच्या बाजारात घालायची. घरून निघताना चांगला भरलेला डिंक व्यापाऱ्याच्या तराजूत दर वेळी रोडावायचा. वाटेत वाळतो, असं व्यापारी सांगायचा आणि सगळ्या बायका माना डोलवायच्या. एका बाजाराला ज्योत्स्ना पुढे सरकली आणि तिने वजनाच्या बाजूचं पारडं उलटं केलं. खाली चिंचेचा मुठीएवढा गोळा चिकटवलेला. बाजारात हसं झालं, व्यापाऱ्याने दगडीबाईचा डिंक पुढे वर्षभर घेतला नाही, तिला दुसऱ्या बाजाराला दुप्पट चालत जावं लागलं. पण पोरीला ती एका शब्दाने बोलली नाही. उलट त्या दिवशी तिने बाजारातून पोरीला जिलबी घेतली. बापाचं, पुन्याचं, मत मात्र वेगळं पडलं. तो म्हणाला, पोरगी हुशार आहे, पण हिला आता साधा माणूस दिसणार नाही.

पुन्या काही शिकलेला नव्हता, पण त्याचं बोलणं बहुतेक खरं ठरायचं.

पुढे ज्योत्स्ना चोपड्याला कॉलेजात गेली, मग जळगावला कॉम्प्युटरचं शिकली आणि 'सुगन ब्रॉडबँड' नावाच्या कंपनीत लागली. गावोगाव इंटरनेट पोचवणारी ही कंपनी. मालक श्रेयांस, वय बत्तीस, बोलायला गोड, डोक्याने तेज. त्याचे आजोबा गौतमचंद शेठ धुळ्याला धान्याच्या पेढीवर बसायचे. आजीचं नाव सुगनबाई, म्हणून कंपनीचं नाव सुगन. धुळ्याचं ऑफिस म्हणजे त्या पेढीतलीच मागची एक खोली.

ज्योत्स्ना आली तेव्हा कंपनीचं सगळं जाळं पाच-सहा लाइनमनच्या डोक्यात होतं आणि थोडंफार एका भिजलेल्या डायरीत. कुठल्या खांबावर कुठली पेटी, कुठल्या पेटीतून कुठल्या घरी तार, कुठे सांधा, हे विचारायचं तर त्या माणसाला फोन लावायचा. तो जेवायला बसला असेल तर गाव थांबायचं. श्रेयांसने तिला सांगितलं, हे सगळं डेटाबेसमध्ये आण. तिने दोन वर्षं तेच केलं. प्रत्येक खांबाला नंबर, प्रत्येक पेटीला एक ओळ, प्रत्येक सांध्याची तारीख. आणि लाइनमनने सांगितलं म्हणून एकही ओळ लिहिली नाही. स्कुटीवर बसून चार हजार पेट्या स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली. नशिराबादला कागदावर असलेली एक पेटी खांबावर सापडेना. ती लाइनमनच्या मेव्हण्याच्या घरात भिंतीवर निघाली. तेव्हापासून लाइनमन तिला माघारी 'सीआयडी मॅडम' म्हणायला लागले. तिच्या कानावर आलं, तिला बरंही वाटलं.

या डेटाबेसच्या प्रती दोन होत्या. एक जळगावच्या मशीनवर, दुसरी धुळ्याच्या पेढीतल्या मशीनवर. एक बंद पडलं तर दुसऱ्याने काम रेटायचं, म्हणून ही सोय. तार तुटली की ज्या बाजूची तार, त्या बाजूचं मशीन लगेच नोंद करायचं. पारोळ्याच्या पुढची सगळी गावं धुळ्याच्या मशीनकडे होती. लाइनमन मात्र तुटल्या जागी पोचला की मोबाइलवर 'पोहोचलो' असं बटण दाबायचा आणि ती नोंद जळगावच्या मशीनवर पडायची. तासातासाने दोन्ही मशीनं आपापल्या नोंदी एकमेकांना देऊन जुळवून घ्यायची. मग पडद्यावर एकच यादी दिसायची, वेळेप्रमाणे लावलेली. ही यादी ज्योत्स्नाचा जीव की प्राण होती. माणूस खोटं बोलेल, ही बोलणार नाही, असं ती श्रेयांसला छातीठोकपणे सांगायची.

दिवाळी झाली आणि पारोळा ते धुळे पट्ट्यात तारा तुटायला लागल्या. रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं, जेसीबी खणत होते, त्यामुळे एखाद-दुसरी तुटणं समजण्यासारखं होतं. पण पावणेतीन महिन्यांत अकरा वेळा! गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपनीकडे जायला लागली. एका शाळेचा ऑनलाइन पेपर मध्येच बंद पडला आणि हेडमास्तरांनी श्रेयांसला जे काय ऐकवलं ते त्याने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने ज्योत्स्नाला आत बोलावलं. "मॅडम, मला हे साधं वाटत नाही. आतलं कोणी असेल?"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, असं कसं असेल. ज्योत्स्ना म्हणाली, "बघते."

तिने अकराही वेळांच्या नोंदी काढल्या. तार कधी तुटली, लाइनमन कधी पोचला. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तार तुटली बारा वाजून वीस मिनिटांनी. लाइनमन पोहोचला बारा वाजून सतरा मिनिटांनी. तिला वाटलं, आपण उलट वाचतोय. परत वाचलं. तार तुटायच्या तीन मिनिटं आधीच माणूस जागेवर हजर. खाली गेली तर अशी एक नाही, सात वेळा. सातही वेळा माणूस एकच, तोताराम.

तिच्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला, काट्याबरोबर आनंदही झाला.

तोताराम पारोळ्याचा. पन्नाशीला आलेला, काटकुळा, डोक्यावर टोपी, मोटरसायकलच्या कॅरिअरला तार जोडायच्या मशीनची कुलूपबंद पेटी बांधलेली. आधी तो टेलिफोनच्या खांबांवर चढायचा, ते फोन गेले तेव्हा इकडे आला. सगळे त्याला नाना म्हणायचे. दुसरे लाइनमन तुटलेली जागा शोधायलाच तास घालवायचे, कारण मशीन एवढंच सांगायचं की या पेटीपासून त्या पेटीपर्यंत कुठेतरी तुटली, आणि त्या दोन पेट्यांत कधी कधी नऊ किलोमीटर अंतर असायचं. नाना मात्र आठ-दहा मिनिटांत नेमका जागेवर. श्रेयांस त्याचं सगळ्यांसमोर कौतुक करायचा. ज्योत्स्नाला आता त्या कौतुकाचा उलगडा झाला. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, ती मनात म्हणाली.

तरी तिने लगेच तोंड उघडलं नाही. ती काही उतावळी नव्हती. तिने सातही नोंदी तीन प्रकारांनी तपासल्या. यादी वेगळी लावून बघितली, जुन्या प्रतीतून काढून बघितली, ओळ न् ओळ हाताने वहीत उतरवून बघितली. तिन्ही वेळा उत्तर तेच. येणारच होतं. तिने तीन वेळा बघितलं, पण तिन्ही वेळा त्याच यादीला विचारलं. एका साक्षीदाराला तीनदा बोलावलं म्हणून साक्षीदार तीन होत नाहीत, हे त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं नाही.

मग ती प्रत्यक्ष बघायला निघाली. पेट्या मोजायच्या आहेत असं निमित्त काढून एका सकाळी मुकटीच्या अलीकडे नानाला गाठलं. नाना तिथे धुरपदाबाईच्या चहाच्या टपरीवर बसला होता. धुरपदाबाई म्हणजे साठीची, नऊवारी घट्ट कसलेली, आवाज असा की ट्रक थांबावा.

"ताई, ऊन शे, आठे सावलीमा बसा," नाना उठून म्हणाला. "अक्का, एक चहा दे वं ताईले."

ज्योत्स्ना बसली आणि बघायला लागली. संशयाचा चष्मा चढला की सगळंच हिरवं दिसतं. समोरून एक जेसीबी गेला, त्याच्या ड्रायव्हरने हात केला. धुरपदाबाईने कौतुकाने सांगितलं, मन्हा भाचा शे, बबलू. ज्योत्स्नाने मनात टिपलं. पंक्चरवाल्याने नानाला लांबूनच विचारलं, नाना, आज शांती का? तेही टिपलं. आज शांती म्हणजे काय? एरवी काय असतं? चहा चांगला होता, पण तिने अर्धाच प्यायला.

चहा घेऊन दोघं पुढच्या गावच्या पेट्या बघायला गेले. तिसरी पेटी उघडली तोच नानाचा फोन वाजला. तो बाजूला गेला, खालच्या आवाजात बोलला, "हां अक्का... कोठे?... बरं, निंघस." मग तिला म्हणाला, "ताई, तुम्ही इतलं उरकी ल्या, मी येस," आणि मोटरसायकलला किक मारून गेलाही. ज्योत्स्नाने मोबाइल बघितला. अकरा एकतीस.

दुपारी ऑफिसात येऊन तिने यादी उघडली. धुरपदाबाईच्या टपरीजवळची तार तुटली होती अकरा एक्केचाळीसला. तोताराम पोचला अकरा सदतीसला. आणि त्याला फोन आलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, अकरा एकतीसला. म्हणजे तार तुटायच्या दहा मिनिटं आधी टपरीवालीने बोलावलं, चार मिनिटं आधी हा पोचला, आणि मग भाच्याच्या जेसीबीने काम केलं. सगळं चपखल बसलं. एवढं चपखल बसलं की तिला हात लावायची गरजच वाटली नाही.

नानाला जळगावला बोलावलं गेलं. श्रेयांसच्या केबिनमध्ये तो खुर्चीच्या टोकावर बसला, टोपी मांडीवर. श्रेयांस आवाज चढवून बोलणारा नव्हता. त्याने कागद पुढे ठेवला आणि ज्योत्स्नाने बोटाने एकेक ओळ दाखवली.

"भाऊ, मी तार जोडस," नाना म्हणाला. "मीच कसाले तोडसू? लोक माले फोन करतस, मी जास. बठ्ठा रस्ता माले वळखस."

"नाना, फोन कोणाचा आला होता त्या दिवशी?" ज्योत्स्नाने विचारलं.

"धुरपदाअक्काना." त्याने भाबडेपणाने मोबाइल काढला आणि फोनची यादी तिच्यापुढे धरली. आपण खरं बोलतो याचा पुरावा म्हणून. अकरा एकतीस, धुरपदाअक्का. मागचे सातही तसेच होते. कोणी पंक्चरवाला, कोणी पंपावरचा. आणि प्रत्येक फोन तार तुटायच्या आधीचा.

"नाना, तार तुटली अकरा एक्केचाळीसला. मग अक्काला अकरा एकतीसला कसं कळलं?"

नाना कागदाकडे बघत राहिला. मोबाइलकडे बघितलं, परत कागदाकडे. त्याचा चेहरा कसनुसा झाला. "आधी कसं कळनं?" तो स्वतःशीच म्हणाला.

"तिचा भाचा जेसीबीवर आहे ना?" ज्योत्स्ना म्हणाली.

हे वाक्य ती बोलली नसती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ती बोलली, आणि आपण फार बारीक धागा पकडला असं तिला वाटलं.

मग नाना म्हणाला, "ताई, मशीन खोटं कसाले बोली? त्याले मन्हासंगे काय वैर शे?" त्याने खिशातून मोटरसायकलच्या पेटीची किल्ली काढली आणि तार जोडायचं मशीन काढून घ्या म्हणाला. आपण तोडली नाही हे त्याने पुन्हा सांगितलं नाही. श्रेयांसने पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं, जुना माणूस म्हणून. नानाचं नाव लाइनमनच्या यादीतून निघालं आणि त्या पट्ट्यावर नवा लाइनमन आला.

ज्योत्स्नाला त्या दिवशी झोप चांगली लागली. वच्छलाबाईंनी विचारलं, आज फार खूश दिसतेस? ती म्हणाली, चोर सापडला.

चोर सापडला, पण तारा तुटायच्या थांबल्या नाहीत. महिन्याभरात पाच तुटल्या. नव्या लाइनमनला दर वेळी जागा सापडायला तास-दीड तास लागायचा. यादी मात्र आता शहाण्यासारखी वागत होती, आधी तार तुटायची आणि मग माणूस पोचायचा. श्रेयांसने विचारलं, "मॅडम, तोताराम गेला, मग हे कोण करतंय?" उत्तर नसलं की तिचा संशय पुढच्या माणसाकडे सरकायचा. आता तो धुळ्याच्या ऑफिसकडे सरकला. मशीन तिथे, नोंदी तिथे. तिथे बसतो कोण? पंडित. तीस वर्षं पेढीवर काम केलेला माणूस, झाडलोटीपासून शेठजींच्या औषधापर्यंत सगळं त्याच्याकडे. न कळवता जायचं तिने ठरवलं.

सकाळच्या एसटीने ती धुळ्याला उतरली आणि पेढीत शिरली. गादीवर गौतमचंद शेठ जप करत बसले होते. तिने नमस्कार केला, चप्पल काढली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. अकरा वाजून दोन मिनिटं. सवयीने तिने मोबाइल बघितला. दहा पन्नास.

"तुमचं घड्याळ पुढे आहे," ती पंडितला म्हणाली.

"ती पेढीची वेळ, ताई," पंडित हसून म्हणाला. "बारा मिनिटं पुढे. मोठ्या शेठजींच्या वडलांपासून आहे. गाडी चुकायला नको, दुकान उघडायला उशीर नको. इथली सगळी घड्याळं तशीच, घरातलीसुद्धा. आम्ही मनातल्या मनात बारा वजा करतो."

ज्योत्स्नाही हसली. घोटभर पाणी प्यायली. आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता तिचा हात थांबला. "सगळी घड्याळं म्हणजे?"

"सगळी," पंडित म्हणाला. "तुमचं ते मागच्या खोलीतलं मशीन तेवढं हट्टी होतं. लक्ष्मीपूजनाला त्याची पण पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, तेव्हा शेठजी म्हणाले, पंडित, याची वेळ मागे का? भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे लावून टाक. मी लावली, तर परत मागे. परत लावली, परत मागे. चार वेळा! मग त्यात एक खूण सापडली, वेळ आपोआप घ्यायची. ती काढून टाकली. तेव्हापासून गुणी बाळ आहे. एक मिनिट हललं नाही."

पासवर्ड कुठून मिळाला, असं तिने विचारलं नाही. मशीनवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि ती तिनेच दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगून चिकटवायला लावली होती, कधी मशीन बंद करून चालू करावं लागलं तर अडायला नको म्हणून.

ती मागच्या खोलीत गेली. मशीनच्या कडेला सुकलेलं कुंकू अजून होतं. पडद्यावर अकरा वाजून सहा मिनिटं. मोबाइलवर दहा चोपन्न. ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि तिने मोबाइलमध्येच हिशेब मांडला. तार तुटल्याची नोंद या मशीनची, बारा मिनिटं पुढची. पोहोचल्याची नोंद जळगावच्या मशीनची, बरोबर. अकरा एक्केचाळीसमधून बारा गेले, अकरा एकोणतीस. तार अकरा एकोणतीसला तुटली. दोन मिनिटांनी धुरपदाबाईने फोन केला. सहा मिनिटांनी नाना पोचला. चार हजार पेट्यांच्या त्या जाळ्यात आठ-नऊ मिनिटांत तुटल्या जागी पोचणारा एकच माणूस होता, म्हणून तोच एकटा चोर दिसला. बाकीचे तासाने पोचायचे, त्यांना बारा मिनिटांनी काय फरक पडणार? दिवाळीच्या आधीच्या नोंदी तिने काढल्या. तिथेही नाना आठ-दहा मिनिटांत पोचलेला, पण तार तुटल्यानंतर. तारा तोडत होते ते रस्ता खणणारे जेसीबीच, मुद्दाम कोणी नव्हे.

डेटाबेसमध्ये तुटलं कधी, जोडलं कधी, कोणी जोडलं, असे एकवीस रकाने तिने केले होते. तुटल्याचं कोणी कळवलं, असा रकाना तिने केलाच नव्हता. पेढीतल्या प्रत्येक माणसाला बारा वजा करायचं ठाऊक होतं. एका मशीनला ते ठाऊक नव्हतं, आणि तिने विश्वास ठेवला तो नेमका त्याच्यावर. तिला स्वतःची एवढी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. पंडित दारात येऊन विचारायला लागला, ताई, काही चुकलं का माझं? ती म्हणाली, "नाही. तुमचं नाही."

श्रेयांसला तिने धुळ्याहूनच फोन केला. काही लपवलं नाही. तो म्हणाला, "नानांना मी स्वतः आणतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तो पारोळ्याला गेला, नानाच्या घरी खाली बसला, माफी मागितली, मशीन परत दिलं. नानाने राग धरला नाही. ज्योत्स्नाने हात जोडले तेव्हा तोच उलट कावराबावरा झाला. "जाऊ द्या ताई, माले बी ते खरं वाटनं व्हतं," एवढंच म्हणाला.

तिला हायसं वाटलं. प्रकरण मिटलं असं तिने धरलं.

आठ दिवसांनी मुकटीजवळ तार तुटली. धुळ्याच्या मशीनची वेळ आता बरोबर होती. दहा वाजून पाच मिनिटांनी तुटली. ज्योत्स्ना पडद्यासमोर बसून राहिली. नाना पोचला सव्वा अकराला. तिने फोन लावला, "नाना, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी शे, ताई."

"मग एवढा वेळ?"

"शोधत चालनू," तो म्हणाला. "आते कोनी फोन करत नही."

ती दुसऱ्या दिवशी तिकडे गेली तेव्हा तिला सगळं कळलं. जळगावच्या केबिनमधून निघाला त्या दिवशी नाना घरी न जाता थेट टपरीवर गेला होता. चार गिऱ्हाइकांसमोर त्याने धुरपदाबाईला विचारलं होतं, तुला आधी कसं कळायचं? भाच्याकडून तार तोडवतेस आणि मला बोलावतेस का? बबलूला त्याच्या ठेकेदाराने आठ दिवस कामावरून बसवलं होतं. धुरपदाबाईने टपरीमागे ठेवलेली नानाची बांबूची शिडी रस्त्यावर आणून टाकली होती. पंक्चरवाला, पंपावरचा, सगळ्यांनी तेव्हापासून नानाचा नंबर लावणं सोडलं होतं. कोण सांगतो, उद्या आपल्यालाही चोर म्हणायचा.

ज्योत्स्ना नानाला बरोबर घेऊन टपरीपाशी गेली. नाना यायला तयार नव्हता, रस्त्याच्या पलीकडे मोटरसायकलवर बसून राहिला. ती एकटीच पुढे झाली. धुरपदाबाई भांडी घासत होती.

"अक्का, चूक माझी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. तिने सगळं सांगितलं. दोन मशीनं, बारा मिनिटं, पेढीचं घड्याळ. सोपं करून सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. "नानांना मीच तसं बोलले. तुमच्यावर संशय मी घातला त्यांच्या मनात. मशीनची वेळ चुकली होती. तुमची काहीच चूक नव्हती, नानांचीही नव्हती."

धुरपदाबाईने सगळं ऐकून घेतलं. कपबशी धुऊन पालथी घातली, हात पदराला पुसले.

"पोरी, तू माले वळखत नव्हती," ती म्हणाली. "तुन्हं मशीन बी माले वळखत नव्हतं. तुमी चुकनात, ते माले समजस." मग तिने रस्त्यापलीकडे नानाकडे बघितलं. "पन हाऊ वीस वरीस मन्हा बाकडावर बसना. हाऊ कसा चुकना?"

ज्योत्स्नानेही वळून रस्त्यापलीकडे बघितलं. धुरपदाबाईने थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि मग ती उरलेली भांडी घासायला बसली.